हात नवख्याचाच हवा

भाईंदरच्या मिठागरांत नुसतें पाहून कोणी मीठ पिकवावयास शिकला नाहीं. यंत्रमानवाच्या आज्ञावलीचेंहि तसेंच आहे. स्पर्धा जवळ आली कीं जुने विद्यार्थी नवख्याच्या हातून संगणक घेऊन काम स्वतःच उरकतात. हा उपकार नव्हे. १९६७ सालीं सेमूर पॅपर्ट प्रभृतींनीं मुलांकरितां 'लोगो' ही संगणकभाषा रचली. तिच्यांत पुढें आलेलें कासव वांकडें गेलें, तर आज्ञा कोठें चुकली हें मूलच शोधी. तो शोध हेंच शिक्षण. आपलें यंत्रहि भिंतीवर आदळूं द्यावें. मग चाकाचे फेरे किती सांगितले होते, एवढेंच विचारावें. दहावीचे विद्यार्थी उद्यां शाळा सोडतील. त्यांच्याबरोबर विद्याहि गेली, तर ढालीचा काय उपयोग? पालकहो, 'जिंकलास काय?' असें विचारण्याआधीं 'आज कोणती चूक सांपडली?' असें मुलास विचारावें.