लाल नळी, पिवळी नळी

घाटात रस्ता अडवून उभा असलेला लांबलचक ट्रेलर आणि त्याच्या मागे हॉर्न वाजवणाऱ्या मोटारींची रांग, हे दृश्य प्रवासात कुणालाच नवे नाही. मुले कंटाळतात, मोठी माणसे ड्रायव्हरच्या नावाने बोटे मोडतात. पण पुष्कळदा गाडी त्याने थांबवलेली नसते. ती आपली आपण थांबलेली असते, आणि कारण असते बोटाएवढी जाड एक फाटलेली नळी.

ट्रेलरचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो. मोटारीच्या टायरमध्ये ३०-३५ पौंड दाब असतो, तर इथे १०० ते १२० पौंड. ओढणारी गाडी आणि मागचा ट्रेलर यांच्यामध्ये स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या दोन नळ्या लोंबत असतात. लाल नळीतून ट्रेलरच्या टाकीला सतत हवा मिळते. पिवळीतून पॅडल दाबल्याचा हुकूम जातो.

लाल नळी तुटली की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ही युक्ती रेल्वेकडून आली. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ साली हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा पाइप फुटला तर ब्रेकच नाहीसे होत. १८७२ मध्ये त्यांनी व्यवस्था उलटी केली : हवा गेली की ब्रेक लागलाच पाहिजे. तेव्हा रस्त्यात अडून बसलेला ट्रेलर हा खरे तर शहाणपणाने वागलेला ट्रेलर होय!

पिवळी नळी मात्र घातकी. तिची गळती पॅडल दाबेपर्यंत कळत नाही. निर्यातीचा माल घेऊन पुण्याकडून न्हावा-शेवा बंदराकडे जाणारा ट्रेलर बोरघाट उतरत असतो. ड्रायव्हर ब्रेक दाबतो, पुढची गाडी आवरते; पण मागच्या ब्रेकपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही आणि कित्येक टन वजन पाठीवर रेटत येते. अशा वेळी ट्रेलर पुढच्या गाडीला आडवी पाडू शकतो.

नळ्या एका दिवसात फाटत नाहीत. नळी लांब झाली तर ती पाट्यावर, बॅटरीच्या पेटीवर घासते. आखूड पडली तर वळणावर ताणली जाऊन सांध्यात निसटते. उन्हाने कडक होते, सायलेन्सरच्या धगीने मऊ पडते. ट्रेलर सोडताना नळी काढायला विसरून गाडी पुढे नेणारेही आहेत. मोकळ्या कप्लिंगवर झाकण नसले तर धूळ आत शिरते आणि व्हॉल्व्ह बिघडवते. ट्रेलर जोडल्यावर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून क्लिनरने नळ्यांकडे पाहावे, एवढ्याने निम्मी दुखणी टळतील. टाकीतले पाणी रोज सकाळी सोडावे. कोकणच्या पावसाळ्यात ते बरेच साठते, आणि काश्मीरच्या थंडीत तेच गोठून हवेचा मार्ग अडवते.

दुरुस्तीच्या बाबतीत आपल्याकडे कल्पकता फार. सायकलची ट्यूब, काळी टेप, तार! १०० पौंडांपुढे यातले काहीही टिकत नाही. दोन गाड्यांमधली गुंडाळीची किंवा रबरी नळी फाटली तर ती बदलावीच. तिला सांधा नको. चॅसिसच्या कडेने गेलेली नायलॉनची नळी चिरली असेल तर खराब भाग काटकोनात, साफ कापून त्याच मापाचा जोड बसवता येतो. पकडीने चिरडून कापलेले टोक जोडात गळणारच. काम झाल्यावर साबणाचे पाणी लावावे, आधी पॅडल मोकळे ठेवून आणि मग दाबून. बुडबुडे दिसले तर काम झालेले नाही. इंजिन बंद केल्यावर दाबाचा काटा काही मिनिटे जागेवर राहायला हवा. कप्लिंगची रबरी वॉशर आणि नळ्यांची एक जादा जोडी पेटीत असावी. मालक या खर्चाला का कचरतात, हे कोडेच आहे.

मात्र सर्वांत मोठा धोका फाटक्या नळीपेक्षा घाईचा आहे. मागचे हॉर्न, मालकाचे फोन, पोलिसांचा तगादा, यामुळे कुणीतरी ट्रेलरच्या टाकीची हवा सोडून देतो किंवा ब्रेकच्या डब्याचा बोल्ट फिरवून स्प्रिंग बांधून टाकतो. ब्रेक सुटतात, गाडी हलते. पण आता ट्रेलरला ब्रेकच उरलेले नसतात. चाकांना ठोकळे न लावता उतारावर असे केले तर गाडीखाली शिरलेल्या माणसाच्याच अंगावर ती येते.

अशा ट्रेलरच्या मागे मोटार चिकटवून उभी करू नये. सुरक्षितपणे बाजूने जाता येत असेल तर जावे, नाहीतर बरेच अंतर राखून थांबावे. नवी नळी बसल्यावरही टाक्या भरायला काही मिनिटे लागतात. काटा वर चढतो, ब्रेक सुटल्याचा फुस्स आवाज येतो. मग ड्रायव्हरने माणसाच्या चालीने गाडी हाकून एकदा ब्रेक दाबून पाहावा, आणि तोवर मागच्यांनी हॉर्नवरचा हात काढावा.