कूलर कुठे हवा, कुठे नको

जुन्नर तालुक्यातील खोडदची रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, लेझर मॉड्यूल घडवणाऱ्यांनी एकदा तिच्या जाळीसाठी पाहावी. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांना भरीव पत्रा न लावता पोलादी तारेची जाळी लावली. जाळीचे घर मध्यभागी 10 मिलिमीटरचे, पुढे 15 आणि काठाकडे 20. काटकसर केली ती जिथे ढिलाई चालते तिथेच. आपण मात्र आधी स्वस्त डायोड शोधतो. खर्च खरा जातो पॅकेजिंगवर: फायबरच्या सुमारे 9 मायक्रॉनच्या गाभ्यासमोर चिप मायक्रॉनभरही न ढळता रोखून धरायची, ती जोडणी ऋतू बदलले तरी हलू द्यायची नाही आणि तापमान सांभाळायचे.

यातला तापमानाचा खर्चच सर्वाधिक वेळा विचार न करता केला जातो. डीएफबी लेझरची तरंगलांबी दर अंश सेल्सियसला सुमारे 0.1 नॅनोमीटर सरकते. 30 अंशांच्या चढउतारात ती 3 नॅनोमीटरने सरकते. वाहिन्यांत 0.8 नॅनोमीटर अंतर असलेल्या डीडब्ल्यूडीएममध्ये असा लेझर शेजारच्या तीन वाहिन्या ओलांडून जाईल, म्हणून तिथे कूलर हवाच. 20 नॅनोमीटर अंतराच्या सीडब्ल्यूडीएममध्ये मात्र तोच लेझर कूलरविना निभावतो. आंबेगावच्या डोंगराळ पश्चिम भागातील एखाद्या गावात जीपॉनचे ग्राहकाकडचे उपकरण बसवायचे, तर 1310 नॅनोमीटरचा कूलरविना लेझर आणि त्याची शक्ती स्थिर राखणारा मॉनिटर फोटोडायोड पुरतो. तिथे कूलर घालणे ही उधळपट्टी आहे.

कोणी म्हणेल, बाजारात तयार एसएफपी मॉड्यूल मिळत असताना घडवायचे कशाला? डिजिटल जोडणीपुरते हे मला मान्य आहे. तिथे विकतच घ्यावे. पण खोडदला अँटेनाकडून येणारा रेडिओ संकेत अ‍ॅनालॉगच असतो, प्रकाशाच्या तीव्रतेवर चढवून पाठवलेला, आणि सुधारित दुर्बिणीत त्याची बँडविड्थ 32 वरून 400 मेगाहर्ट्झपर्यंत गेली आहे. एसएफपीला शून्य आणि एक ओळखता आले की झाले. इथे लेझरची जराशी अरेषीयता आकाशात नसलेल्या वारंवारता निर्माण करते. प्रकाशात 1 डेसिबल घट झाली की विद्युत संकेतात ती 2 डेसिबल होते, म्हणजे एका मळक्या कनेक्टरची किंमतही दुप्पट. दुसरा आक्षेप असा, की कूलर लागलाच तर त्याचा चालक तरी स्वस्त स्विचिंगचा घ्यावा. पण त्याचा गोंगाट रेडिओ पट्ट्यातच पसरतो, आणि दुर्बिणीशेजारी तो झाकायला लागणारे शील्डिंग वाचलेले पैसे खाऊन टाकते.

कूलर हवा की नको, हे ठरते पेटीच्या आतल्या तापमानावरून, आणि तेच आपल्यापैकी फार थोडे जण मोजतात. एप्रिल-मे महिन्यांत बंद पेटीत घेतलेल्या तापमानाच्या नोंदी वाचकांनी आमच्याकडे पाठवाव्यात. आम्ही त्या छापू.