कुत्र्याचीही रात्रपाळी असते

गेल्या पावसाळ्यात लालबागच्या आमच्या दवाखान्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या. चार वर्षे त्यांचा रक्तदाब एकाच गोळीवर उत्तम चालला होता. त्या दिवशी मोजला तर १७० वर १००. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळे. म्हणाल्या, "डॉक्टर, मला झोपेची गोळी लिहून द्या." मी नेहमीचे प्रश्न विचारले. गोळी चुकली का? लोणचे-पापड वाढले का? घरात काही ताण?

त्या जरा संकोचल्या. मग म्हणाल्या, "मुलाने पुलाखालचा कुत्रा घरी आणलाय. वर्षाचा असेल. दिवसभर गुणी बाळ, आणि रात्री दहा वाजले की रडणे सुरू. गॅलरीत बांधतो, तर अख्खी चाळ उठते. परवा माझ्याकडची जुनी झोपेची गोळी अर्धी करून त्यालाच दिली. सकाळी तो पायावर उभा राहीना, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आता रविवारी त्याला परत पुलाखाली सोडायचे ठरलेय."

वाचकहो, मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नव्हे. पण कुत्र्याने झोप मोडली की माणूस माझ्याकडेच येतो, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो. आपल्याकडे गावात कुत्रा ओसरीवर नाहीतर अंगणात निजतो, त्यामुळे हा प्रश्न फारसा येत नाही. पण तालुक्याच्या गावीही आता फ्लॅट झाले आहेत, आणि मुंबईला तर आपल्यापैकी प्रत्येकाचे कोणी ना कोणी दहा बाय बाराच्या खोलीत राहतेच.

माझे वडील गिरणीत होते. तिसऱ्या पाळीहून सकाळी परतले की आई आम्हा मुलांना "बाबा निजलेत, आवाज नको" म्हणून गॅलरीत पिटाळी. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, पाळी थांबली. पण वडिलांचे डोळे पुढे कित्येक महिने मध्यरात्री टक्क उघडे असत. गिरणीचा भोंगा बंद झाला म्हणून शरीराचे घड्याळ बंद होत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्याचे नेमके हेच आहे. दिवसा परळ-लालबागच्या गर्दीत त्याला कोण सुखाने फिरू देतो? तो उभ्या गाडीखाली दुपार झोपून काढतो. रात्री वाहने कमी झाली, खाऊच्या गाड्या आवरल्या की त्याचा दिवस उगवतो. उष्टे-खरकटे शोधायचे, आपली गल्ली राखायची. शिवाय तो झोपतो तोही सोबत्यांजवळ. असा हा रात्रपाळीचा कामगार आपण एका दिवसात घरी आणतो, दहाला दिवा घालवतो, त्याला एकट्याला गॅलरीत बांधतो आणि म्हणतो, गप झोप! तो रडतो तो खोडीने नव्हे, भीतीने.

"रडू द्या, दोन-चार रात्रींत आपोआप शिकेल," असा सल्ला बरेच जाणकार देतात. मला तो पटत नाही. नवख्या जागी एकटे पडलेले जनावर गप्प झाले, तर ते शिकले असेलच असे नाही, थकलेही असेल. आणि चाळीत भिंतीपलीकडे कोणाचे बाळ असते, कोणाचे आजारी वडील असतात. त्यांच्या झोपेवर आपल्या कुत्र्याचे शिक्षण का करावे?

त्या बाईंच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले आणि पुढील गोष्टी सांगितल्या.

पहिली गोष्ट, कुत्र्याला गॅलरीतून आत घ्या. जुनी सतरंजी किंवा गोणपाट आपल्या अंथरुणाशेजारी जमिनीवर घाला, हात खाली सोडला तर त्याच्या पाठीला लागेल इतक्या जवळ. तो रुळला की दर दोन-तीन रात्रींनी त्याचे अंथरूण वीतभर दूर सरकवत हवे तिथे न्या. त्याला आपल्या गादीवर मात्र घेऊ नये, असे माझे मत. घरात दमेकरी, तान्हे मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण असेल तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट, रात्रीची झोप दिवसा कमवावी लागते. सकाळ-संध्याकाळ त्याला चांगले चालवा. सबंध दुपार झोपू देऊ नका. रात्रीचे खाणे झोपण्याआधी दोन-तीन तास उरकावे. पाणी मात्र तोडू नये. निजण्यापूर्वी शेवटचे एकदा खाली नेऊन लघवी करवून आणावे. लहान पिल्लू असेल तर त्याला रात्रभर धरवत नाही. जितके महिने वय तितके तास, असा ढोबळ हिशेब धरावा. दोन महिन्यांच्या पिल्लासाठी गजर लावून उठावे, ते रडण्याआधीच. दिवा लावू नये, खेळू नये, गप्पा मारू नयेत. काम झाले की पुन्हा अंथरुणावर.

तिसरी गोष्ट, तो रडलाच तर आधी खाली जायची घाई आहे का ते पाहा. नसेल तर नुसता हात ठेवा. ओरडू नका, मारू तर नकाच. भ्यालेल्याला मारले की भीती दुप्पट होते. बिस्किटही देऊ नका. रडले की बिस्किट मिळते, हा धडा कुत्रा फार लवकर शिकतो.

लालबागकरांसाठी आणखी एक. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशा आणि फटाक्यांनी कुत्रा बिथरतो. त्या रात्री खिडक्या लावून आतल्या बाजूला ठेवावे, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा, आणि गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहावा.

हे सारे करण्याआधी त्याला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. जंत, गोचिडांची खाज, कानातले दुखणे यांनीही कुत्रा रात्रभर तळमळतो. मुंबईकरांना परळचे 'बैलघोडा हॉस्पिटल' ठाऊक असतेच. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून १८८३ साली उभे राहिलेले हे बाई साकरबाई रुग्णालय. त्याच्याच आश्रयाने १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसा पुढचा डोस आणि दरवर्षीचे इंजेक्शन, यात हयगय नको.

आपली गोळी मात्र त्याला कधीही देऊ नये. झोपेची तर नाहीच, पण अंगदुखीची साधी वाटणारी आयब्युप्रोफेनची गोळीही कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते. आणि कुत्रा चावला, किंवा खेळता खेळता दात लागून रक्त आले, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. लस वेळेवर घेतली तर हाच रोग टळतो. कुत्र्याचा आवाज एकाएकी बदलला, लाळ गळू लागली, तो विनाकारण अंगावर येऊ लागला, तर त्याला हात न लावता लगेच पशुवैद्यांना कळवावे.

आता माझे खरे म्हणणे. मी त्या मुलाला विचारले, "कुत्रा तू आणलास, मग रात्री उठते कोण?" तो खाली बघू लागला. आपल्या घराघरांत हेच चालते. हौस मुलांची, कौतुक बापाचे आणि जागरण आईचे. तिच्या रक्तदाबाचा आकडा चढतो तेव्हा आपण मीठ कमी करायला सांगतो. माझ्या मते ज्याने कुत्रा आणला त्याने पहिले पंधरा-वीस दिवस स्वतः त्याच्याजवळ निजावे आणि स्वतः उठावे. हे जमणार नसेल तर कुत्रा आणूच नये. आणून परत सोडणे हे सर्वांत वाईट. त्याची जुनी गल्ली तोवर दुसऱ्या कुत्र्यांनी घेतलेली असते.

बाईंना मी झोपेची गोळी दिली नाही. तीन आठवड्यांनी त्या आल्या, तेव्हा रक्तदाब १३६ वर ८६ होता. मुलगा आता कुत्र्याशेजारी जमिनीवरच निजतो म्हणे. "अजून पहाटे दुधाची गाडी आली की एकदा भुंकतो," त्या हसून म्हणाल्या.

मी म्हटले, "भुंकू द्या. तोवर आपलीही उठायची वेळ झालेली असते."