गुलाबाच्या नावाचा धनी कोण?



आपल्या वस्त्यांत घर लहान असते आणि अंगण त्याहून लहान. तरीही दारात तेलाच्या डब्यात, नाहीतर फुटक्या बादलीत गुलाबाचे एखादे रोप असतेच. त्याचे पहिले फूल विहारात तथागतांच्या चरणी जाते आणि दुसरे घरातील बाबासाहेबांच्या तसबिरीला. रोपवाटिकेतून रोप आणले की त्याच्या फांदीला एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर नाव असते, 'पीस', 'मिस्टर लिंकन' किंवा 'डॉ. होमी भाभा'. एका पावसाळ्यात ती चिठ्ठी गळून पडते आणि आपण नुसते 'लाल गुलाब', 'पांढरा गुलाब' म्हणू लागतो.

या वेळी आम्ही त्या गळून पडलेल्या चिठ्ठीविषयी लिहिणार आहोत. गुलाबाला नाव कोण देतो? कोणाचे देतो? आणि कोणाचे नाव राहून जाते? प्रश्न फुलाचा दिसतो, पण तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी गुलाबाचा नवा वाण तयार कसा होतो ते पाहू. एका जातीच्या फुलातील पराग दुसऱ्या जातीच्या फुलावर टेकवतात. त्यातून फळ धरते. फळातील बिया पेरल्या की प्रत्येक बीचे झाड वेगळे निघते. एकाच आईबापाची लेकरे, पण एकाचा रंग दुसऱ्याला नाही. अशा शेकडो-हजारो रोपांतून माणूस एखादे निवडतो आणि बाकीची काढून टाकतो. निवडलेल्या रोपाची परीक्षा काही वर्षे चालते. मग त्याचा डोळा काढून रानटी गुलाबाच्या खुंटावर भरतात. आपल्या नागपुरी संत्र्याचे कलम जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून करतात, तोच हा प्रकार. म्हणूनच जगात कोठेही 'पीस'चे झाड असो, ते मूळच्या एकाच झाडाच्या डोळ्यापासून आलेले असते. फूल दोन दिवसांत सुकते, पण डोळ्याबरोबर नाव पुढे जात राहते.

हे नाव ठेवण्याचा मान रीतीने वाण काढणाऱ्याचा असतो. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेचे प्रमुख असलेल्या आर्दी यांनी १८३२ साली एक सुरेख पांढरा गुलाब काढला आणि त्याला आपल्या पत्नीचे नाव दिले, 'मादाम आर्दी'. राणी नव्हे, सरदारीण नव्हे, एका बागवानाची बायको! जुन्या फ्रेंच गुलाबांच्या यादीत सम्राज्ञी आणि सरदारांच्या बायकांचीच गर्दी आहे. त्या गर्दीत ही बाई आपल्या नवऱ्याच्या हातच्या कामामुळे आज जवळजवळ दोनशे वर्षे उभी आहे.

'पीस'ची गोष्ट तर इतिहासात नोंदली गेली आहे. फ्रान्समधील फ्रान्सिस मेयाँ या तरुणाने १९३५ साली या गुलाबाचे काम सुरू केले. तेव्हा रोपाला नाव नव्हते, वहीत फक्त क्रमांक होता, ३-३५-४०. दुसरे महायुद्ध पेटण्याच्या सुमारास त्याने या रोपाचे डोळे परदेशी पाठवून दिले. पुढे फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेला आणि पत्रव्यवहार तुटला. इकडे त्याने गुलाबाला आपल्या आईचे नाव दिले, 'मादाम आंत्वान मेयाँ'. इटलीत लोक त्याच फुलाला 'जोया' म्हणजे आनंद म्हणू लागले, तर जर्मनीत 'ग्लोरिया डे' म्हणजे ईश्वराची महती. अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ रोजी त्याचे नामकरण झाले, 'पीस' म्हणजे शांती. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेसाठी देशोदेशीचे प्रतिनिधी जमले, तेव्हा प्रत्येक शिष्टमंडळाच्या प्रमुखाला या गुलाबाचे एकेक फूल देण्यात आले. पिवळ्या पाकळीला गुलाबी कड असलेले हे फूल. फूल एकच, पण आईसाठी ते एक, युद्धाने पोळलेल्या जगासाठी दुसरे.

छळ झालेल्यांचे नावही गुलाबाने जपले आहे. ॲन फ्रँक ही ज्यू मुलगी नाझींच्या छावणीत १९४५ साली वयाच्या पंधराव्या वर्षी मेली. लपून राहिलेल्या दिवसांत तिने लिहिलेली रोजनिशी जगाने वाचली. १९६० साली बेल्जियममधील डेलफोर्ज या गुलाबवाल्याने तिच्या वडिलांच्या संमतीने आपल्या नव्या गुलाबाला तिचे नाव दिले. टोकियोतील एका शाळेच्या मुलांनी रोजनिशी वाचली, तिच्या वडिलांना पत्र लिहिले, आणि ती रोपे त्यांच्या शाळेच्या अंगणात आली. ज्या मुलीचे नाव पुसून टाकायला एक राजवट निघाली होती, तिच्या नावाच्या झाडाला शाळकरी मुले पाणी घालतात. आमच्या मते स्मारक असावे तर असे.

आता आपल्या देशात येऊ. भारतीय गुलाबांचा विषय निघाला की डॉ. बी. पी. पाल यांचे नाव प्रथम येते. ते मोठे गहू-संशोधक, १९६५ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. गुलाब हा त्यांचा छंद. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा १९६६ साली विमान अपघातात गेले आणि १९६८ साली पाल यांचा पांढरा गुलाब 'डॉ. होमी भाभा' या नावाने आला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या गुलाबांत 'सर सी. व्ही. रमण' आहे, 'नेहरू सेंटेनरी' आहे, आणि स्वतः पाल यांच्या नावाचाही गुलाब आहे.

याच संस्थेच्या यादीत एक नाव वाचून आमचे डोळे चमकले, 'भीम'! लालभडक फुलाचा गुलाब, १९७० सालचा. क्षणभर वाटले, दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी आमच्या भीमाला फूल वाहिले. पण त्याच यादीत 'अर्जुन'ही आहे. तेव्हा हा भीम महाभारतातला, हे कळायला पंडित लागत नाही. त्यात राग मानण्यासारखे काही नाही. ज्याने वाण काढला त्याने आपल्या आठवणीतले नाव ठेवले. ज्याच्या घरात जी पोथी, तिच्यातली नावे त्याच्या तोंडी येणार. आपल्या आठवणीतली नावे फुलांवर यावीत असे वाटत असेल, तर फुले काढणाऱ्यांत आपली माणसे हवीत. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे.

नावाची किंमत आपल्या समाजाइतकी कोणाला ठाऊक असणार? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव तिरस्कार वाटेल असे ठेवावे, असा नियमच घातला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांची नावे आठवा. कचरू, दगडू, धोंड्या, भिक्या. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणूनही अशी नावे ठेवत, हे खरे. पण ज्याला गावाने कचरा म्हणून हाक मारली, त्याच्या पाठीचा कणा ताठ कसा राहणार? बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, तेव्हा हा नियमही त्या आगीत गेला. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि घराघरांतून नव्या हाका ऐकू येऊ लागल्या. सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, विशाखा, संघमित्रा. कोणा पुरोहिताला न विचारता आईबापांनी आपल्या लेकरांची नावे आपण ठेवली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला, पण बाबासाहेबांचे नाव प्रत्यक्ष लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. एका नावासाठी सोळा वर्षे, आणि माणसांचे प्राणही. म्हणून 'नावात काय आहे' असे आम्हाला कोणी सांगू नये.

मनूचा नियम ज्यांच्यासाठी होता, अशा जातींतील एका बाईचे नाव मात्र गुलाबावर आले आहे. ई. के. जानकी अम्माल. जन्म १८९७, केरळातील तेल्लिचेरीचा, मागास मानलेल्या थिय्या समाजातला. १९३१ साली त्यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. कोइमतूरच्या केंद्रात उसाच्या संकरावर काम केले, इंग्लंडमध्ये वनस्पतींच्या गुणसूत्रांवर ग्रंथलेखनात भाग घेतला. १९७७ साली पद्मश्री मिळाली, १९८४ साली त्या वारल्या. तमिळनाडूत कोडाईकनाल येथे गुलाबांचे वाण काढणाऱ्या वीरराघवन दांपत्याने २०१८ साली आपल्या एका पिवळ्या गुलाबाला त्यांचे नाव दिले. ज्या काळात मुलींना चौथीच्या पुढे पाठवत नसत, त्या काळातली ही बाई. आपल्या घरात अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेली मुलगी असेल, तिला ही हकिगत जरूर वाचून दाखवा.

आता गुलाब बाजूला ठेवून धानाच्या बांधीत येऊ, कारण वाणाच्या नावाची सर्वांत बोलकी हकिगत आपल्या विदर्भातलीच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे दलित शेतकरी होते. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या. अशी काही वर्षे गेली. बारीक दाण्याचा, चवीला चांगला, नवाच वाण हाती आला. धान बाजारात गेले तेव्हा त्याला नाव नव्हते. त्या दिवसांत एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, व्यापाऱ्याने तेच नाव धानाला चिकटवले. आज आपण दुकानात 'एचएमटी तांदूळ' मागतो तो हाच.

१९९४ साली कृषी विद्यापीठाने हे बियाणे नेले आणि १९९८ साली ते 'पीकेव्ही-एचएमटी' या नावाने प्रसारित केले. बियाण्याचे शुद्धीकरण आम्ही केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. पण ज्याने बांधीत वाकून पहिली लोंबी वेचली, त्याच्या श्रेयाचे काय? नावात घड्याळाची कंपनी आली, विद्यापीठ आले, शेतकरी तेवढा राहिला. श्रेयाची दखल मागाहून घेतली गेली. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेही गरिबीतच.

पण दादाजी एका वाणावर थांबले नव्हते. त्यांनी आणखीही वाण काढले. कोणाला गावाचे नाव दिले, 'नांदेड हिरा', 'नांदेड चिन्नोर'. आणि एकाचे नाव ठेवले 'डीआरके', दादाजी रामाजी खोब्रागडे! तिसरीपर्यंत शिकलेल्या त्या माणसाला पहिल्या अनुभवातून नेमके कळले होते, की आपल्या कामाला आपण नाव दिले नाही तर बाजार देईल, आणि बाजार आपले नाव देणार नाही. आम्हाला त्या तीन अक्षरांत मोठ्या ग्रंथाइतके शहाणपण दिसते.

समाजबांधवांनो, बागेत कुदळ आपली असते, धानात चिखल आपण तुडवतो, रोपवाटिकेत डोळे भरणारे हातही पुष्कळदा आपलेच असतात. चिठ्ठीवर मात्र दुसऱ्याचे नाव. हे बदलायचे तर नुसत्या मागणीने भागणार नाही. डॉक्टर, इंजिनिअर आणि सरकारी नोकरी यांच्या पलीकडे आपल्या मुलामुलींनी कृषिशास्त्राकडेही वळावे. आपल्या नागपुरात महाराजबागेला लागूनच कृषी महाविद्यालय आहे. बारावी विज्ञानाच्या मुलांनी तेथे जाऊन प्रवेशाची चौकशी तरी करावी. शेती करणाऱ्या वाचकांनी ध्यानात ठेवावे, की २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यालाही आपण काढलेल्या वाणाची आपल्या नावे नोंद करता येते. शेतात वेगळे काही दिसले तर ते तारखेनिशी वहीत लिहा, बियाणे वेगळे ठेवा, आणि कोणाला दिले तर लेखी पोच घ्या. आम्ही कारकून माणसे, कागदाची किंमत आम्हाला ठाऊक आहे. कागद नसला की खरा माणूसही खोटा ठरतो.

आणि दारातल्या डब्यातील गुलाबाचे नाव विसरू नका. चिठ्ठी गळली तर पत्र्याच्या तुकड्यावर रंगाने लिहून रोपाजवळ खोचा. मुलांना ते कोणाचे नाव आहे ते सांगा. या डब्यांतून वाढलेले एखादे मूल उद्या स्वतःचा गुलाब काढील. लाल काढो, पांढरा काढो, निळा काढला तर फारच छान! त्याला नाव काय ठेवायचे हे त्याचे तो ठरवील. ते रमाईचे असेल, जोतिबांचे असेल, की अंगणात पाणी घालणाऱ्या त्याच्या आईचे असेल, त्यात आम्ही पडणार नाही. नाव ठेवण्याची पाळी त्याच्यावर यावी, एवढीच आमची इच्छा.

जयभीम! नमो बुद्धाय!