गाणे डिस्कवर आहे, यादीत नाही
घरातील मीडिया सर्व्हर, म्हणजे साठवलेले संगीत घरातल्या इतर उपकरणांना पुरवणारा संगणक, डिस्कवरची गाणी यादीत दाखवत नसेल, तर दोष बहुधा फाइलींत नसून त्यांची नोंद घेण्याच्या प्रक्रियेत, म्हणजे स्कॅनिंगमध्ये असतो. लिनक्सवर जेलीफिनसारखी मीडिया सर्व्हर प्रणाली सामान्यतः स्वतंत्र वापरकर्त्याच्या नावाने चालते. त्यामुळे त्या वापरकर्त्याला फोल्डर उघडण्याची आणि फाइल वाचण्याची परवानगी आहे का, हे सर्वप्रथम तपासावे लागते. संगीत नेटवर्कवरील दुसऱ्या यंत्रावर असल्यास तिथे झालेले बदल लिनक्सच्या आयनोटिफाय या सूचना-यंत्रणेपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून ठरावीक वेळी आपोआप होणारे स्कॅनिंग आवश्यक ठरते. गाणी दिसूनही एकाच अल्बमचे तुकडे पडत असतील, तर कारण टॅगमध्ये, म्हणजे फाइलमध्येच साठवलेल्या माहितीत शोधावे. अनेक गायकांच्या नाट्यसंगीत-संग्रहातील सर्व फाइलींत ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात एकच नाव नसेल, तर सर्व्हर प्रत्येक गायकाचा वेगळा अल्बम मानू शकतो. संपूर्ण लायब्ररी पुसून नव्याने उभारण्यापूर्वी सर्व्हरचा लॉग, म्हणजे घडामोडींची आपोआप होणारी नोंद, वाचावा. अडलेल्या फाइलचा पत्ता अनेकदा तिथेच सापडतो.