एसीचा गॅस संपत नाही, तो गळतो

जून लागला की दुबई-शारजाच्या कॅम्पमध्ये एक वाक्य ऐकू येतंच: "गॅस खतम हो गया." मेंटेनन्सवाला येतो, सिलिंडर जोडतो, गार हवा सुरू. महिन्याभरात पुन्हा तेच. काही ठिकाणी त्याचे पैसे रूममधल्या पोरांकडून वर्गणी काढून घेतात. मित्रांनो, माझं सरळ म्हणणं आहे, ही वर्गणी देऊ नका.

एसीतला गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, बंद पाइपांतून गोल फिरत राहतो. दर उन्हाळ्यात कमी होतो म्हणजे कुठेतरी गळती आहे.

आधी आपल्या हातातलं करा. फिल्टर धुवा, बाहेरच्या युनिटवर बसलेली धूळ साफ करायला सांगा, कारण त्यानंही गारवा कमी होतो. तरीही फरक नसेल तर स्प्लिट एसीच्या बाहेरच्या युनिटला जिथे तांब्याचे पाइप जोडलेत, ते नट बघा. तिथे तेलकट डाग दिसला तर समजा, गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर पडतंय. साबणाच्या फेसाचे बुडबुडे आले तर शंकाच नको. पाना मात्र स्वतः लावू नका. विंडो एसीत तर गॅस भरायला पाइपला भोक पाडून क्लॅम्प बसवतात आणि तसाच सोडून जातात. पुढे तोच गळतो!

नीट दुरुस्ती म्हणजे उरलेला गॅस काढून घ्यायचा, गळका जोड नवीन करायचा, नायट्रोजन भरून प्रेशर टिकतं का बघायचं, व्हॅक्यूम पंप लावायचा आणि प्लेटवर लिहिलंय तेवढा गॅस वजन करून भरायचा. नायट्रोजनऐवजी कोणी ऑक्सिजनची बाटली आणली तर तिथून लांब व्हा, आत तेल असतं, स्फोट होतो.

याला अर्धा दिवस सहज जातो, म्हणून टाळतात. आमच्या साइटवर प्रेशर टेस्टशिवाय एसीची एकही लाइन कन्सल्टंट पास करत नाही. तीच लाइन टाकणाऱ्या माणसाच्या खोलीत मात्र फुंकर मारल्यासारखा गॅस मारून निघून जायचं, हे कसं चालतं? 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं, ते चांगलंच. पण रात्रभर घामात लोळलेला माणूस सकाळी सहाला परातीवर चढतो, त्याचं काय?

यूएईच्या नियमांत कामगारांच्या खोल्यांना एसी हवाच असं आहे. म्हणजे तो चालू ठेवणं कंपनीचं काम. गॅस भरल्याची प्रत्येक तारीख भिंतीवर नको, मोबाइलमध्ये लिहा, डागाचा फोटो काढा. कॅम्प बॉसला व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळवा, सगळ्या रूमच्या नावाने, एकट्याच्या नाही. उत्तर नाही आलं तर कामगार मंत्रालयाचा नंबर 600590000. तिथे "एसी बंद आहे" एवढंच सांगू नका. किती वेळा भरला आणि गळती एकदाही शोधली नाही, हे तारखांसकट सांगा.