शक्तिमानच्या चुका काढणारी मुलगी

वाचकहो, मुले टीव्ही पाहताना मध्येच काही बोलली की आपण मोठी माणसे चिडतो. "बघायचं तर गप्प बसून बघ, नाहीतर उठून जा" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात म्हटले गेले असेल. आमच्याही घरात म्हटले गेले. पुढे आम्हाला त्याचा पश्चात्ताप का झाला, ते आज सांगणार आहोत.

गोष्ट १९९८ सालची. कणकवली तालुक्यातील नांदगाव हे आमचे गाव. त्या वेळी आमच्या वाडीत टीव्हीचे संच बोटांवर मोजण्याइतके होते. त्यातला एक आमच्या थोरल्या बंधूंच्या पडवीत होता, तोही कृष्णधवल. अँटेना खळ्यातल्या बांबूला बांधलेली. वारा सुटला की एक पोर बाहेर उभे राहून बांबू फिरवायचे आणि बाकीची आतून ओरडायची, "दिसला, दिसला! आता हालव नको!" बांबू धरून उभ्या राहिलेल्या पोराला मात्र काहीच दिसायचे नाही, म्हणून हे काम पाळीपाळीने वाटून घेतलेले असे.

एवढी धडपड कशासाठी, तर 'शक्तिमान'साठी. ही मालिका दूरदर्शनवर १९९७ साली सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. दिग्दर्शक दिनकर जानी, मुख्य भूमिकेत मुकेश खन्ना. शक्तिमान दुष्टांचा समाचार घ्यायचा आणि एरवी 'आज की आवाज' या वर्तमानपत्रात छायाचित्रकार गंगाधर म्हणून वावरायचा. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री हे त्याचे लांबलचक नाव वाडीतल्या पोरांना बे एकं बेच्या आधी पाठ झाले होते.

पडवीत पंधरा-वीस मुले जमत. त्यात आमची पुतणी, वय वर्षे अकरा. तिला एक खोड होती. सगळी मुले श्वास रोखून बघत असताना ही मध्येच प्रश्न टाकायची आणि नंतर तो वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची. एकदा म्हणाली, "काकानू, ही ती गीता नाय. आधीची खंय गेली?"

आम्ही तिला गप्प केले. पण तिचे म्हणणे खरे होते. पत्रकार गीता विश्वासची भूमिका सुरुवातीला किटू गिडवानी करीत होत्या, नंतर ती वैष्णवी महंत यांच्याकडे गेली. गीता तीच, नोकरी तीच, पण चेहरा दुसरा. आणि मालिकेतल्या एकाही पात्राला त्याचे नवल वाटत नाही!

पुतणीच्या वहीत आणखी बरेच होते. गिरकी घेऊन गंगाधरचा शक्तिमान होतो, तेव्हा त्याचा चष्मा, पुढे आलेले दात आणि गळ्यातला कॅमेरा कुठे जातो? रोज शेजारी बसणाऱ्या गीताला केवळ चष्म्यामुळे हा माणूस ओळखू येत नाही का? शक्तिमान उडतो तेव्हा त्याच्या अंगाभोवती रेघ थरथरते ती कसली? उडताना त्याची सावली का पडत नाही? आणि त्याच्या कपड्यांचा रंग कोणता? हा शेवटचा वाद तर कित्येक दिवस चालला. आमच्या संचावर सगळेच राखाडी दिसायचे. कोणी काळा म्हणे, कोणी हिरवा. शेवटी एका मुलाने मुंबईहून आलेल्या वहीवर शक्तिमानचे चित्र आणले, तेव्हा कळले की पोशाख गडद तांबडा असून त्यावर सोनेरी नक्षी आहे. आमच्या पुतणीने त्यावर एवढेच लिहून ठेवले की आपल्या टीव्हीत दिसते ते खरे असतेच असे नाही.

आता तो दिवस सांगतो. ऑगस्ट महिना, पाऊस नुकताच उघडलेला. विहीर काठोकाठ भरलेली. मोठी माणसे शेतात होती. पुतणीचा धाकटा भाऊ तेव्हा सहा वर्षांचा. तो आजीचे जुने लुगडे पाठीला बांधून विहिरीच्या ओल्या कठड्यावर चढला. इतर पोरे खाली उभी राहून टाळ्या वाजवीत होती. तो म्हणत होता, "मी उडी मारतंय. शक्तिमान येवन माका धरतलो."

आमची पुतणी धावत तिथे पोचली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर तो दचकून पाय घसरून आतच पडला असता. ती दहा पावलांवर थांबून म्हणाली, "अरे, शक्तिमानाच्या पाठीक लुगडा खंय आसा? तू चुकीचो झालंस."

पोरगा विचारात पडला. खरेच, शक्तिमानच्या पाठीवर फडकणारे वस्त्र नसते. ते परदेशातल्या सुपरमॅनच्या पाठीवर असते. तो लुगड्याची गाठ सोडायला म्हणून वाकला, तेवढ्यात बहिणीने जाऊन त्याचा दंड धरला आणि त्याला खाली ओढले. मग तिने त्याला वही उघडून दाखवली. अंगाभोवतीची रेघ, न पडणारी सावली, चेहरा बदललेली गीता. "तो खरा उडणा नाय रे. ता चित्र आसा," असे ती त्याला परत परत सांगत होती. पोरगा खूप रडला. विहिरीत पडला असता म्हणून नव्हे, तर शक्तिमान खरा नाही म्हणून!

संध्याकाळी आम्हाला हे समजले तेव्हा आमचे हातपाय गार पडले. जिच्या प्रश्नांना आम्ही कटकट म्हणत होतो, त्याच प्रश्नांनी घरातला मुलगा वाचवला होता.

हे आमच्या एका वाडीपुरते नव्हते. त्या काळात देशाच्या निरनिराळ्या भागांतून, शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी जिवावर बेतणारे प्रकार केल्याच्या बातम्या येत होत्या. त्यांचा मालिकेशी खरोखर किती संबंध, यावर बराच वाद झाला. मुकेश खन्ना यांनी स्वतः पडद्यावरून मुलांना अशी नक्कल करू नका म्हणून बजावले. भागाच्या शेवटी मुलांना चांगल्या सवयी सांगणाऱ्या 'छोटी छोटी मगर मोटी बातें' वाचकांना आठवत असतील. पण पडद्यावरचा माणूस सांगतो त्यापेक्षा घरातले माणूस शेजारी बसून दाखवते ते मुलांच्या अधिक लक्षात राहते, असा आमचा अनुभव आहे.

मग या चुका होतात तरी कशा? आम्हीही तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. मालिकेचे किंवा चित्रपटाचे प्रसंग आपण पाहतो त्या क्रमाने चित्रित होत नाहीत. वर्तमानपत्राच्या कचेरीतले दहा प्रसंग कथेत दहा ठिकाणी असले, तरी ती जागा एकदा मांडली की ते ओळीने उरकून घेतात. त्यामुळे दाराबाहेरचा प्रसंग आज आणि दाराच्या आतला पंधरा दिवसांनी, असेही होते. मधल्या काळात नटाचे केस वाढतात, शर्टाचे वरचे बटण लागते, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे पुढे जातात. हे सगळे जुळवून ठेवायला एक स्वतंत्र माणूस असतो. कोणाच्या कोणत्या हातात पेला होता, तो किती भरलेला होता, याची तो टिपणे ठेवतो, छायाचित्रे काढतो. या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. पडद्यावर त्याचे काम कधीच दिसत नाही. चूक झाली तरच दिसते. आपल्या घरातल्या बायकांच्या कामासारखेच हे.

उडण्याचे गुपित म्हणजे क्रोमा. नटाला निळ्या किंवा हिरव्या पडद्यासमोर उभे करून चित्र घेतात. मग यंत्राला सांगतात की तो रंग जिथे असेल तिथे आकाश नाहीतर शहर भर. रंग नीट सुटला नाही की अंगाभोवती रेघ थरथरते. आमच्या पुतणीला दिसलेली रेघ ती हीच! नट एका जागी आणि शहर दुसऱ्या जागी, मग सावली पडणार कुठून? यात आणखी एक गंमत आहे. पडद्याचा रंग नटाच्या अंगावर असेल तर तेवढे अंगही नाहीसे होते. शक्तिमानचा तांबडा-सोनेरी पोशाख या दृष्टीने सोयीचाच. सुपरमॅनचा पोशाख मात्र निळा. म्हणून १९७८ च्या 'सुपरमॅन' चित्रपटात उडण्याच्या दृश्यांसाठी तो किंचित हिरवट छटेचा शिवावा लागला.

आणि गीता बदलली म्हणून आपल्याच मालिकेला हसायचे कारण नाही. अमेरिकेत १९५२ ते १९५८ या काळात सुपरमॅनची मालिका टीव्हीवर चालली. तोही चष्मा लावून वर्तमानपत्रात नोकरी करणारा. तिथली पत्रकार लोइस लेन पहिल्या वर्षी फिलिस कोट्स यांनी केली आणि पुढे नोएल नील यांनी. चेहरा तिथेही बदलला आणि तिथेही कोणाला नवल वाटले नाही. ही मालिका आधी कृष्णधवल होती. निळा आणि तांबडा रंग त्यात वेगळे उठून दिसत नसत, म्हणून सुपरमॅनला चक्क तपकिरी, राखाडी आणि पांढरा पोशाख घातला होता. बघणारी मुले मनातल्या मनात त्याला निळा-तांबडा समजत होती. आमच्या पडवीतल्या पोरांची हकिगत वेगळी ती काय?

आता गोष्टीचा दुसरा भाग. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, त्याच्या थोडे आधी आमची पुतणी मुंबईहून माहेरी आली होती आणि इथेच अडकली. तेव्हा तिचा मुलगा आठ वर्षांचा होता. त्या दिवसांत दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या. 'महाभारत' आले, पाठोपाठ 'शक्तिमान'ही आला. पडवी तीच, संच मात्र रंगीत आणि भिंतीवर टांगलेला. बांबू धरायला कोणी लागत नव्हते.

वाचकांना ठाऊकच असेल की १९८८ मध्ये सुरू झालेल्या 'महाभारता'त भीष्म झाले होते ते हेच मुकेश खन्ना. आणि शक्तिमानचा वैरी तमराज किल्विष झालेले सुरेंद्र पाल हे त्यात द्रोणाचार्य होते. हस्तिनापूरच्या दरबारात एकत्र बसणारे दोघे इथे एकमेकांच्या जिवावर उठलेले! नातवाला हे सांगितले तेव्हा त्याला फार मजा वाटली.

त्याच सुमारास मोबाइलवर एक चित्र फिरू लागले. भीष्म उभे आहेत आणि त्यांच्या मागे म्हणे हवा गार करणारा कूलर दिसतो आहे. नातू पोट धरून हसला आणि वहीत चूक म्हणून लिहायला निघाला. आम्हीही हसलो. पुतणी तेवढी हसली नाही. ती मुलाला म्हणाली, "थांब. आधी नीट बघ."

तिने चित्र मोठे केले. मागच्या खांबांकडे त्याला पाहायला लावले. खांबांच्या खालच्या भागावर जाळीसारखी नक्षी होती आणि कूलर म्हणून जे दाखवले जात होते ते असल्याच एका खांबाचा भाग होता. हे त्या वेळी आणखीही अनेकांनी दाखवून दिले. पण कूलरचे चित्र जितक्या वेगाने पसरले, तितक्या वेगाने खांबाचे स्पष्टीकरण काही पसरले नाही.

आम्ही त्या दिवशी ओशाळलो. बावीस वर्षांमागे मुलांना गप्प बसवण्यात आमची चूक झाली होती. या वेळी न पाहता हसण्यात झाली. दोन्ही चुका एकाच जातीच्या. पडद्यावरचे सगळे खरे मानणारा आणि कोणी दाखवलेली चूक न तपासता खरी मानणारा, हे दोघेही स्वतःच्या डोळ्यांनी पाहत नाहीत. दुसऱ्याच्या कामात चूक काढायची तर आपले बोट बरोबर जागी आहे ना, हे आधी बघावे लागते. ज्या कारागिराने मेहनतीने खांब रंगवला, त्याच्या नावावर आपण कूलर मांडून मोकळे होतो!

म्हणून माता-भगिनींना आणि बंधूंना आमचे एक सांगणे आहे. आठवड्यातून एकदा मुलांबरोबर त्यांच्या आवडीचा एक भाग बसून बघा. त्यांच्या हातात वही-पेन्सिल द्या. घड्याळ, कपडे, केस, सावली आणि हातातली वस्तू या पाच गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगा. चूक सापडली की ती कशी झाली असेल हे त्यांनाच विचारा. आणि वहीत लिहिण्याआधी तो तुकडा पुन्हा एकदा पाहायला लावा. पूर्वी निसटलेले दृश्य निसटायचे. आता मोबाइलवर ते मागे नेता येते, तेव्हा सबब उरलेली नाही. यात पैसा लागत नाही आणि मालिकेची गोडीही कमी होत नाही. आमच्या पुतणीला सगळ्या चुका पाठ होत्या, तरी शक्तिमानचा एक भाग तिने चुकवला नाही.

कठड्यावर चढलेला तो पोरगा आज गावातच वायरमनचे काम करतो. खांबावर चढण्यापूर्वी लाईन बंद आहे असे कोणी सांगितले तरी तो स्वतः टेस्टर लावून बघतो. ही सवय कुठून लागली असे आम्ही त्याला एकदा विचारले. तो म्हणाला, "ताईची वही."